स्प्रिंग घरात, तोंड दारात

—हां हां, झाकणाला हात नको! अहो बाई, रेडिएटर आहे तो, दुधाचं पातेलं नाही, उतू चाललं म्हणून झाकण उचलायला. कोपरापर्यंत भाजून काढेल. बसा तिकडे बाकावर – त्या टोकाला नको, तिकडचा पाय मोडलाय, इकडे बसा. आणि आवाज जरा खाली. चिडलात, कळतंय मला, चिडायलाच हवं – चढावर भर उन्हात वाफा निघाल्या, मागच्या सीटवर लहान मुलगी, पाठीमागे सगळ्यांचे हॉर्न, कोणीही चिडेल. पण आत माझा भाऊ झोपलाय. दुपारची झोप मोडली की त्याची संध्याकाळ वाया जाते, आणि त्याची गेली की माझी जाते. मुलगी कुठंय? आजीकडे? बरं केलंत. आणि गाडी ओढून आणलीत ना, चालवत नाही ना आणलीत? मग ठीक. चालवत आणली असती तर बाकावर बसवलं नसतं मी तुम्हाला, दारातूनच हाकललं असतं. तापलेलं इंजिन रेटायचं म्हणजे आजारी माणसाला पळवायचं.

काय? परवाच नेलीत? मला सांगताय? माझ्याच गॅरेजातून नेलीत, नवा वॉल्व बसवून नेलीत. आता ऐका – या दारातून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत आलेली नाही. दुसऱ्या दुखण्यासाठी येतात, यायलाच हव्यात, नाहीतर आम्ही खायचं काय – पण त्याच दुखण्यासाठी? नाव काढू नका. समोरच्या टायरवाल्याला विचारा, त्याचं आमचं उभ्या जन्माचं वाकडं आहे, तोसुद्धा खोटं बोलणार नाही. तेव्हा आधी मला सांगा, मध्ये कुणाला दाखवलीत? खरं सांगा. नवऱ्याने उघडलं बॉनेट? पुरुषांना खोडच असते ती – बॉनेट उघडायचं, कमरेवर हात ठेवून विहिरीत बघावं तसं आत बघायचं, 'हं' म्हणायचं आणि बंद करायचं. काय? नवरा नाहीच? म्हणजे – बरं. बरं बाई. नाही विचारत. मलाही कुणी विचारलेलं आवडायचं नाही.

झाली गार आता. फडकं ठेवायचं, पाव वळसा द्यायचा – ऐकलंत? गेली वाफ – मग पूर्ण काढायचं. पाणी कमी झालंय, पण अगदी तळ नाही गाठला. गळतंय का? खाली कोरडं आहे. पंपाचा पट्टा ताठ. पंपाची खरखर नाही. पंखा – थांबा, थेट बॅटरीवरून देते – फिरतोय, छान फिरतोय. आता भरते पाणी आणि तुम्ही चालू करा. करा हो, मी आहे ना इथे उभी! ...काटा बघत राहा. चढतोय? कुठवर? अर्ध्याच्या वर? आता इकडे या, चालू राहू दे, हात आणा इकडे. पालथा. पोरीचा ताप बघता तसा पालथा हात ठेवा, या वरच्या पाइपवर. काय लागतं? गार. बरोबर. इंजिन भट्टी झालंय आणि पाइप गार. बंद करा, पळा, बंद करा! – हां. म्हणजे कळलं का काय झालं? तापलेलं पाणी ह्या पाइपाने रेडिएटरकडे जायला हवं, तिथे निवून खालून परत यायला हवं. मध्ये दारावर एक राखणदार बसवलेला असतो, तोच हा वॉल्व. इंजिन गार असेल तर दार बंद ठेवतो, तापलं की उघडतो. तुमचा जुना होता तो सताड उघडाच अडकला होता, म्हणून काटा कधी वर यायचा नाही आणि गाडी पेट्रोल ढोसायची. आठवतं ना? आणि तुमच्या आधीच्या शहाण्याने सांगितलं होतं, वॉल्व काढूनच टाका, आपल्याकडे लागतच नाही. आमच्या धंद्यातली ही जुनी अक्कल – दार वाजतं ना, मग दारच उखडून फेका! अशा किती गाड्यांना मी परत दारं बसवलीत. पण आता उलटं झालंय. आता दार उघडतच नाहीये. नवं कोरं दार, आणि उघडत नाही.

ही हाताची परीक्षा माझ्या भावाची. दादाची. सगळा रस्ताच त्याला दादा म्हणतो, पण माझा तो खराखुरा दादा आहे. मला शिकवली नाही हं त्याने. मला कोणी काही शिकवलेलं नाही, मी शिकलेय. फरक आहे त्यात. नवऱ्याचं घर सोडून ह्या दारात उभी राहिले तेव्हा तुमच्याच वयाची असेन – हातात एक पिशवी, बस. वहिनी होती तेव्हा, चांगली होती बिचारी, पण तिने विचारलंच, किती दिवस? दादा गाडीखाली होता, नुसते पाय बाहेर. ते पायच बोलले म्हणा ना. म्हणाले, "तिला काही विचारू नकोस. आली ना, राहील." संपलं. त्यानंतर ह्या घरात तो विषय पुन्हा कधी म्हणजे कधी – जाऊ दे. पण हत्याराला हात लावू द्यायचा नाही! पार्ट धू, चहा ठेव, एवढंच. शिकायला येणाऱ्या पोरांना मात्र घसा फोडून शिकवायचा, आणि मी कोपऱ्यात रॉकेलात हात घालून ऐकायचे. एका कानाने ऐकायचे आणि दुसरा मिटून घ्यायचे, सांडू नये म्हणून. हा वॉल्व बसवताना तर सगळी चुकायची. मग दादाची डोक्यात टपली – "स्प्रिंग घरात, तोंड दारात!" म्हणजे स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे आणि सपाट तोंड बाहेर. त्या स्प्रिंगमध्ये मेणाची कुपी असते, तिला इंजिनाचा ताप लागला तरच ती दार ढकलणार ना? स्प्रिंग घरात, तोंड दारात. झोपेतून उठवून विचारलं तरी पोरं म्हणायची. माझ्या डोक्यात कधी कोणी टपली मारली नाही, पण पाठ मलाही झालं. मग एकदा तो तापाने फणफणला होता आणि एक टॅक्सीवाला दारात रडकुंडीला आलेला – केलं मी. उठून आला, वाकून बघितलं, परत जाऊन पडला. दुसऱ्या दिवशी बाकावर लहान मापाचा पाना आणून ठेवलेला. माझ्या हाताच्या मापाचा. हा काय, हाच.

थोडं पाणी काढून घेते, नाहीतर अंगावर येईल. – आणि हे बघा, बोल्टवर हे लाल ठिपके दिसतात? कुणी मध्ये हात घातला की नाही ते आत्ता कळेल. आमचं काम झालं की बोल्ट आवळून वर ठिपका द्यायचा, बोल्टापासून खालच्या लोखंडापर्यंत. बोल्ट हलला की ठिपका मोडतो, चोरी पकडली. आणि रंग कसला माहीत आहे? नखांचा! हसा, हसा. माझ्या त्या पिशवीत एक बाटली होती, सासरहून आणलेली. दादाने बघितली, म्हणाला, "दे इकडे, तू रॉकेलात हात घालणार, ही इथे कामी येईल." तेव्हापासून तोच रंग लागतो त्याला, दुसरा चालत नाही. ही काळी नखं घेऊन मी दुकानात जाते आणि लाल नेलपॉलिश मागते, ती पोरगी दर वेळी माझ्या बोटांकडे बघते आणि मग माझ्याकडे. मी म्हणते, "लग्नाला जायचंय."

तर ठिपके. हा एक – हा – हा दुसरा –

मोडलेले नाहीत.

नाही, काही नाही. चष्मा पुसते जरा. ...तुम्ही खरं बोलत होता बाई. कुणी हात लावलेला नाही. मी उगाच तुमच्या नवऱ्याला – नसलेल्या नवऱ्याला – जाऊ दे, काढते. सुटला. हा दुसरा. आता हे टोपण उचललं की –

...

काय? नाही, काही झालेलं नाही. बसा तुम्ही. मी सांगितलं होतं बसा म्हणून, उठून कशाला आलात वाकून बघायला? काय दिसतंय तुम्हाला? स्प्रिंग? वर आहे, दिसतेय ना मलाही, मी आंधळी नाही. मघाशी काय म्हटलं मी ते सांगू नका मला. तुम्हाला काय, दोन गोष्टी कानावर पडल्या की झाल्या मेकॅनिक! सगळ्या गाड्यांना सारखं नसतं. असतं काहींना – असेल काहींना उलट. – पार्टच खराब असणार. हल्ली काय माल येतो बाजारात, डबीवर शिक्का असली आणि आत पत्रा. पार्ट खराब असला तर कसाही बसवा, उघडणार नाही. बरोबर की नाही? बोला ना. मग असं करू, उकळून बघू. त्यात खोटं चालत नाही. हे पातेलं, हे पाणी, तारेला टांगते, तळाला टेकू द्यायचा नाही. पाणी तापलं आणि उघडला नाही, तर विषय मिटला – पार्ट खराब, दुकानदाराच्या तोंडावर मारून येते.

उघडू नकोस. ...तुला नाही म्हणाले, ह्याला म्हणतेय. आणि आता तूच म्हणते हं तुला, माझ्या वयाला शोभतं. बस इथे, स्टुलावर, शेगडीपाशी. वेळ लागेल पाण्याला.

तो वॉल्व मी बसवलेला नाही. मी फक्त जुना तपासला आणि नवा आणून बाकावर ठेवला, सकाळी येऊन बसवते म्हणून. मग मला डॉक्टरकडे जावं लागलं. माझ्यासाठी नाही, दादासाठी, पण त्याला न घेता, कारण त्याच्या समोर विचारता येत नाही. आता कसं विचारणार त्याच्या समोर, की हा माणूस तेलाचं झाकण स्वतःच्या खिशात ठेवून दिवसभर सगळ्यांना चोर म्हणतो, ह्याचं पुढे काय होणार? तर डॉक्टर मला सांगत होते, त्यांना हत्यारांजवळ एकटं सोडू नका. आणि मी तिथे बसून मान डोलवत होते, आणि इथे तो हत्यारांजवळ एकटा! परत आले तर तुझी गाडी गेलेली. दादा दारात उभा, शर्टाची बाही लाल. म्हणाला, "दिली. पोरीला घाई होती." तसा मी त्याला कितीतरी दिवसांत बघितला नव्हता गं. पोटभर जेवला. शीळ घातली त्याने, शीळ! वहिनी गेल्यापासून मी ऐकली नव्हती. तेव्हाच तुला फोन करायला हवा होता, बाई, गाडी परत आण, एकदा बघू दे. फोन हातात घेतलाही होता. आणि म्हटलं, जाऊ दे. एक वॉल्व, दोन बोल्ट. हे तर त्याचं स्वतःचं वाक्य आहे, हे कसं विसरेल?

कारण एरवी मी बघते ना. सगळं बघते. तो दुपारी झोपला की त्याने हात लावलेला एकूणएक नट मी पुन्हा तपासते. सैल असेल तो आवळते, उलटं असेल ते सुलटं करते, त्याचा ठिपका मोडला तर त्याच बाटलीने तसाच पुन्हा काढते. त्याचा ठिपका जरा डावीकडे ओघळतो, मीही ओघळवते. त्याला कळलेलं नाही. कुणालाच कळलेलं नाही, आज पहिल्यांदा तोंडातून – तू काय ऐकतेस अशी, डोळे मोठे करून? बघ, पाणी उकळी धरतंय का. बुडबुडे यायला लागले तळाला.

भाचा आहे माझा. दादाचा मुलगा, दुसऱ्या शहरात असतो. वाईट नाही, बापाला घेऊन जातो म्हणतो, खोली तयार ठेवलीये म्हणतो, खिडकी आहे म्हणतो. खिडकीतून काय बघणार दादा? भांडलो आम्ही फोनवर. तो म्हणाला, "आत्या, कुणाच्या जिवाशी खेळ होईल एक दिवस." मी म्हटलं, "अरे, ह्या दारातून गेलेली गाडी परत आली आहे का कधी?" तर म्हणाला, "मग शब्द दे. पहिली गाडी परत आली की शटर खाली. तू त्या गाड्यांचं निमित्त करून त्याला धरून ठेवायचं नाहीस." आणि मी दिला शब्द. मोठ्या तोऱ्यात दिला. मला कुठे माहीत होतं, की – चढावर उभी होती ना गं मुलगी? उन्हात? फार वेळ? रडली का? ...माझं नशीब म्हण, वाफच निघाली.

आणि तुला सांगते, हत्यारांचं दुःख नाही मला. हत्यारं काय, हात विसरतात. पण हल्ली संध्याकाळी तो माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "काय गं, सासरी कधी जाणार? भाऊजी येतायत ना न्यायला?" ज्या माणसाने जन्मात कधी विचारलं नाही! सगळे विचारायचे, वहिनी, शेजारीपाजारी, तो टायरवाला – हा एकटा विचारायचा नाही. आता रोज विचारतो. प्रेमाने विचारतो गं, तेच तर.

उकळलं. बघ आता. हलू नकोस, पातेल्याला धक्का देऊ नकोस. अजून बंद आहे. बंदच आहे. बघ, म्हटलं नव्हतं मी, पार्टच खराब, नवा माल सगळा असलाच, उघडणारच नाही हा, उकळून उकळून पाणी आटलं तरी –

उघडला.

किती छान उघडला बघ. पुरता. काही खोट नाही ह्याच्यात. बिचारा तिकडे थंड्या बाजूला तोंड करून बसला होता, ह्याला ताप लागलाच नाही, ह्याने तरी काय करावं? चांगला होता, फक्त उलटा बसवलेला –

दादा! कधी उठलास? किती वेळ उभा आहेस दारात? चप्पल घाल, खाली तेल आहे. ही ना? ही गिऱ्हाईक आहे. नाही, वहिनी नाही, वहिनी कशी असेल, वहिनी – बाहेर गेलीये. हो, वॉल्वच आहे हा. काय? हो, उलटा होता. कोणी? कोणी बसवला म्हणून काय विचारतोस, झालं ते झालं, मी करते ना सुलटा... गाढव? हो, गाढवच म्हणायचं. कोणत्या गाढवाने, ते –

मी. मी बसवला, दादा. – पोरी, तू गप्प बस. एक अक्षर नको. – मी बसवला. हो, नजर कमी झालीये माझी. हो, घाई करते मी, बरोबर आहे तुझं. ह्या बाईची मुलगी होती गाडीत, हो, होती, काही झालं असतं म्हणजे? चुकलं माझं. कबूल ना, कबूल. ओरड. अजून ओरड. सांग ना, कसा बसवायचा? मला कुठे शिकवलंस तू कधी, पोरांनाच शिकवलंस. सांग. ...आई गं! डोकं फोडशील माझं. हां. म्हणते. स्प्रिंग घरात, तोंड दारात. मोठ्याने? स्प्रिंग घरात, तोंड दारात! झालं? पाठ झालं, दादा. नाही विसरणार. मी नाही विसरणार.

सरक जरा, बसवू दे. तू बघ नीट उभा राहून. हे बघ, स्प्रिंग आत गेली. बरोबर? हे टोपण. हे दोन बोल्ट, आवळते. आता पाणी. – पोरी, चालू कर गाडी. काटा? चढू दे... चढू दे... मधोमध थांबला? हात लाव पाइपला, पालथा. गरम. झालं तर मग. दादा, तू पण लाव हात. हां, गरम आहे. पोरी, कर बंद. आता ठिपका तूच दे, बाटली घे ही. मी धरते मनगट. नको धरू? बरं, नाही धरत. सावकाश. एक. आता दुसरा – अरे, माझ्या नखावर सांडलास की रे! असू दे. पुसू नकोस. असू दे म्हटलं ना. छान दिसतंय.

काय? भाऊजी? येतील, दादा. न्यायला येतील. कळवलंय त्यांनी. तू आत जाऊन बस, मी चहा आणते. आलेच.

...आत गेला ना? बघ बरं. माझ्याकडे नको बघू, त्याच्याकडे बघ. बसला का खुर्चीत? बरं.

जा आता तू. पैसे? ते ठेव पर्समध्ये, मी चिडायच्या आत ठेव. आणि रडतेस कसली, तुझी गाडी सुधारली ना? मुलगी वाट बघत असेल. चढावर काट्याकडे लक्ष ठेव, पुढे काही वाटलं तर – पुढे काही वाटलं तर समोर टायरवाल्याच्या शेजारी एकजण आहे, त्याच्याकडे जा. दादाच्याच टपल्या खाल्लेला आहे, बरं करतो काम. मला भाच्याला फोन लावायचाय. गाडी बाहेर काढ, आणि जाता जाता ते शटर ओढ. माझा हात पोचत नाही हल्ली वर. जोर लाव, गंजलंय ते, दिवसा कधी खाली आलेलं नाही. अर्धं नको गं. आम्हाला मागून दार आहे.

पूर्ण ओढ.